पाच गिगाहर्ट्झचा मोह

गेल्या उन्हाळ्यात मी एक खोटा निष्कर्ष पेपरात लिहून बसणार होते. कोडमध्ये बग नव्हता, आकडे कोणी बदलले नव्हते. चुकत होता तो प्रोसेसर, आणि त्याला चुकायला मीच लावलं होतं. जानेवारीतल्या एका रविवारी मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मी दोन आकडे वाढवले होते, त्याचं हे फळ. लॅबमधल्या दोन-तीन ज्युनिअर मुलांनी अलीकडे विचारलं, "ताई, ओव्हरक्लॉक करू का? रन लवकर संपतील." त्यांना चहाच्या टपरीवर अर्धवट सांगितलं होतं, ते इथे नीट लिहिते.

आधी गोष्ट मुळात काय आहे ते. प्रोसेसरच्या आत एक ठोका चालू असतो. मदरबोर्डवरून एक मूळ ठोका येतो, बहुतेक मशीनवर १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा कोटी. प्रोसेसर त्याला एका संख्येने गुणतो. गुणक ४७ असेल तर ४.७ गिगाहर्ट्झ, ५० असेल तर ५. कंपनीने ठरवलेल्या गुणकापेक्षा मोठा गुणक घालणं, एवढंच ओव्हरक्लॉकिंग. मूळ ठोकाही वाढवता येतो, पण त्यावर इतरही गोष्टी अवलंबून असतात, म्हणून आजकाल तिकडे फारसं कोणी जात नाही. गुणक बदलायला प्रोसेसर कुलूप नसलेला लागतो. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' असलेले, आणि एएमडीच्या रायझनमधले बहुतेक. इंटेलच्या बाबतीत मदरबोर्डचा चिपसेटही 'झेड' मालिकेतला हवा, नाहीतर नुसता महागडा 'के' घेऊन उपयोग नाही. (आमच्याकडे एकाने हे नेमकं उलट केलंय. झेडचा बोर्ड आणि कुलूपबंद प्रोसेसर. असो.)

आता प्रश्न असा की ठोका वाढवला तर प्रोसेसर मुकाट्याने जोरात का पळत नाही? मर्यादा नेमकी कुठे येते?

जुन्या पद्धतीने स्लॅब टाकताना तुम्ही पाहिलं असेल. मिक्सरपासून वरच्या मजल्यापर्यंत माणसांची रांग असते आणि घमेली हातोहात वर जातात. समजा मुकादम ठोका देतोय आणि नियम असा आहे की प्रत्येक ठोक्याला तुमच्या हातात जे असेल ते घेऊन पुढे वळायचं. प्रोसेसर आतून असाच असतो. काम छोट्या टप्प्यांत तोडलेलं असतं, दर दोन टप्प्यांच्या मध्ये एक घटक असतो, आणि ठोका पडला की तो समोरच्या तारेवर त्या क्षणी जे असेल, ० किंवा १, ते पकडतो. उत्तर तयार झालंय का, हे तो विचारत नाही. विचारायची सोयच नाही.

रांगेत सगळे सारखे नसतात. जमिनीवरच्या माणसाला घमेलं देणं सोपं, शिडीवरच्याला अवघड. मुकादमाला ठोक्यांमधलं अंतर शिडीवरच्या माणसाच्या हिशेबानेच ठेवावं लागतं. चिपमध्येही असे काही सर्वांत लांब मार्ग असतात, आणि संपूर्ण चिपचा वेग त्यांच्यावर ठरतो. ४.७ गिगाहर्ट्झला दोन ठोक्यांमध्ये साधारण २१३ पिकोसेकंद मिळतात, ५ ला २००. या २०० पिकोसेकंदांत प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. म्हणजे त्या रविवारी मी शिडीवरच्या माणसाकडून १३ पिकोसेकंद काढून घेतले.

त्याला ते जमलं नाही तर काय होईल? इथेच खरी गोम आहे. रांग थांबत नाही. पुढचा माणूस रिकामं घमेलं, किंवा मागच्या फेरीतलंच, घेऊन वळतो आणि काम चालू राहतं. वर स्लॅबमध्ये कुठेतरी पोकळी राहते. खाली मुकादमाला काही कळत नाही.

त्या माणसाचा हात जलद करायचा उपाय म्हणजे व्होल्टेज. ट्रान्झिस्टर पुढची तार भारित करतो, आणि व्होल्टेज जास्त असेल तर ते लवकर होतं. म्हणून ओव्हरक्लॉक करणारे गुणकाबरोबर व्होल्टेजही वाढवतात. पण हे फुकट नाही. चिप खात असलेली वीज ठोक्याच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. माझाच हिशेब घ्या. ठोका ४.७ वरून ५, व्होल्टेज १.२० वरून १.३२. व्होल्टेज १० टक्के वाढलं, त्याचा वर्ग २१ टक्के, त्यावर ठोक्याचे ६.४ टक्के. एकूण जवळपास २९ टक्के जास्त वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णता. शिवाय चिप तापली की गळती वाढते, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडी वीज वाहत राहते, म्हणजे अजून उष्णता. २९ टक्के जास्त तापून ६ टक्के वेग. हा सौदा मी आधी कागदावर मांडला असता तर ही पोस्ट लिहावी लागली नसती.

पण मुळात कंपनी असा वेग शिल्लक ठेवतेच का, असं वाटेल. रेल्वेच्या वेळापत्रकात शेवटच्या स्टेशनाआधी काही मोकळी मिनिटं घातलेली असतात ना, गाडी वाटेत रखडली तरी कागदोपत्री वेळेवर पोचावी म्हणून, तसंच हे. एकाच तबकडीतून निघालेल्या दोन चिपसुद्धा सारख्या नसतात. कंपनीला हमी द्यायची असते ती त्यातल्या कमजोर चिपसाठी, धुळीने भरलेल्या कॅबिनेटसाठी, स्वस्तातल्या पॉवर सप्लायसाठी, आणि काही वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या चिपसाठीही. या सगळ्याचा मिळून एक राखीव भाग ठेवलेला असतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे तो राखीव भाग खर्च करणं. पूर्वी तो भरपूर होता. १९९८ साली आलेला ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए लोक बसचा ठोका ६६ वरून १०० करून सरळ ४५० वर चालवायचे. दीडपट! तेव्हा हे शहाणपणाचंच होतं, कारण दुप्पट-तिप्पट पैसे टाकून मिळणारा वेग फुकटात मिळत होता. २०११ चा आय५-२५००के मूळ ३.३ चा, तो चांगल्या कूलरवर साडेचारला आरामात जायचा. आता तसं राहिलेलं नाही. आताचे प्रोसेसर टर्बोच्या नावाखाली स्वतःच तापमान आणि वीज बघून जमेल तितके वर जातात. म्हणजे ओव्हरक्लॉकिंग कंपनीनेच करून दिलेलं असतं, आपल्यासाठी तळाशी उरलेला चहा तेवढा शिल्लक. जागतिक विक्रम वगैरे करणारी माणसं वेगळी. ती चिपवर द्रव हेलियम ओततात, उणे २६९ अंशांचं, आणि २०२२ मध्ये त्यांनी ९ गिगाहर्ट्झ ओलांडलंही. काही मिनिटांसाठी.

आता माझा रविवार.

माझं काम आण्विक सिम्युलेशनचं. कार्बनच्या अतिशय अरुंद नळ्यांमधून पाण्याचे रेणू कसे सरकतात ते बघायचं. प्रत्येक पायरीला प्रत्येक अणूवरचं बल काढायचं, त्याला एक फेम्टोसेकंद पुढे ढकलायचं, परत बल काढायचं. शंभर नॅनोसेकंदांच्या एका रनला अशा दहा कोटी पायऱ्या लागतात. विभागाच्या क्लस्टरवर रांग इतकी होती की छोटे रन मी टेबलाखालच्या डेस्कटॉपवरच लावत होते. आठ कोअरचा, कुलूप नसलेला प्रोसेसर. एका नळीचे सगळे रन व्हायला पंधरा दिवस. ६ टक्के म्हणजे पंधरवड्यात साधारण २२ तास वाचणार, असा माझा हिशेब. शिवाय खरं सांगायचं तर गंमत म्हणूनही. 'पाच' हा आकडा स्क्रीनवर बघायचा होता.

मशीन सुरू होताना डिलीट दाबत राहायचं, मग बायोसचा पडदा येतो. बोर्डागणिक नावं बदलतात, कुठे 'एआय ट्वीकर', कुठे नुसतं 'ओसी'. आत 'सीपीयू कोअर रेशो' सगळ्या कोअरना सारखा ठेवून ५० केला. 'व्हीकोअर' आपोआपवरून काढून हाताने घातलं. हे महत्त्वाचं, कारण आपोआपवर सोडलं तर बरेच बोर्ड गरजेपेक्षा चांगलंच जास्त व्होल्टेज देऊन मोकळे होतात. मग 'लोड-लाइन कॅलिब्रेशन'. घरात पाण्याचा पंप सुरू झाला की दिवा क्षणभर मंद होतो, तसं आठही कोअर एकदम कामाला लागले की प्रोसेसरचं व्होल्टेज खाली बसतं. हे सेटिंग ती घट भरून काढतं. कमी ठेवलं तर ऐन कामात व्होल्टेज अपुरं, फार वाढवलं तर काम अचानक थांबताना उलटा उसळा. मी मधला स्तर घेतला. एफ१० दाबून सेव्ह.

पहिल्या दोन वेळा विंडोज अर्ध्यात निळी झाली. व्होल्टेज थोडं वाढवलं, १.३२ ला थांबलं. एक तास ताण-चाचणी चालवली, पास. तापमान ८२ पर्यंत गेलं, म्हणजे १०० च्या मर्यादेच्या बरंच खाली. मी स्क्रीनचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांनी अंगठा दाखवला. त्यांना काय कळलं असेल ते तेच जाणोत.

तीन महिने सगळं छान चाललं. एकदाही मशीन बंद पडलं नाही. एप्रिलमध्ये आलेख काढायला घेतले तेव्हा एका विशिष्ट जाडीच्या नळीत पाण्याची सरकण्याची गती शेजारच्या दोन्ही नळ्यांपेक्षा स्पष्ट जास्त दिसत होती. मी हरखले. अशा अरुंद नळ्यांत रेणू एका ओळीत लागतात, त्यांची रचना बदलते, त्यामुळे असं काही होऊ शकतं याला आधार होता. दोन परिच्छेद लिहूनही झाले. माणसाला हवं ते दिसलं की स्पष्टीकरण सुचायला वेळ लागत नाही.

मॅडमनी ड्राफ्ट वाचला आणि एकच विचारलं, "थर्मोस्टॅट काढून ऊर्जा तपासलीस का?"

हे जरा उलगडून सांगते, कारण मला आजही यातलीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. नेहमीच्या रनमध्ये आपण एक गणिती थर्मोस्टॅट लावतो, तो तापमान ३०० केल्विनच्या आसपास धरून ठेवतो. तो काढला तर बाहेरून ऊर्जा येत नाही, जात नाही, म्हणून एकूण ऊर्जा स्थिर राहायला हवी. पदवीच्या पहिल्या वर्षातला नियम. कोड चुकला, पायरी मोठी घेतली, तर ती हळूहळू सरकते. माझ्या आलेखात ती सरकत नव्हती. सरळ रेष होती, आणि मध्येच एक पायरी. मग परत सरळ रेष. पुढे तासाभराने अजून एक पायरी.

कोडमधल्या चुकीने अशी पायरी येत नाही. कोड चुकला तर दर वेळी चुकतो. इथे कोणत्या तरी एका क्षणी कोणत्या तरी एका अणूवरचं बल चुकीचं मोजलं गेलं होतं, त्याला एक धक्का बसला होता, आणि मग सगळं पुन्हा बरोबर चालू झालं होतं. थर्मोस्टॅट लावलेल्या रनमध्ये हाच धक्का थर्मोस्टॅट निमूटपणे पिऊन टाकतो, आणि तीन महिन्यांचे माझे सगळे रन थर्मोस्टॅटवाले होते.

मग मी सोपी चाचणी केली. तोच रन, तीच सुरुवात, तोच यादृच्छिक बीजांक, दोनदा. एकच धागा वापरून. हे एका धाग्याचं विसरू नका. अनेक धागे असले की बेरजेचा क्रम दर वेळी बदलतो, आणि दशांश संख्यांच्या बेरजेत क्रम बदलला की शेवटचा अंक बदलू शकतो, त्यात प्रोसेसरचा दोष नसतो. एका धाग्यावर मात्र दोन्ही उत्तरं शेवटच्या बिटपर्यंत जुळलीच पाहिजेत. एकामागून एक कोअरवर ही जोडी चालवली. ५ गिगाहर्ट्झला सात कोअर जुळले, एक जुळला नाही. ४.७ वर परत आणलं, आठही जुळले. तीन वेळा करून पाहिलं, तेच.

मग जानेवारीत चाचणी पास कशी झाली? दोन कारणं सापडली, दोन्ही शरमेची. एक, मी चालवलेली चाचणी जुन्या पद्धतीची होती, ती एव्हीएक्स सूचना वापरत नव्हती. या सूचना एका ठोक्यात अनेक संख्यांवर एकदम काम करतात, चिपवर सगळ्यात जास्त ताण त्यांचाच, आणि माझा प्रोग्रॅम दिवसरात्र त्याच वापरत होता. म्हणूनच बायोसमध्ये 'एव्हीएक्स ऑफसेट' नावाचं सेटिंग असतं, अशा सूचना आल्या की गुणक एक-दोनाने खाली घ्यायला. मी ते शून्यावर ठेवलं होतं. दुसरं कारण म्हणजे जानेवारी. पुण्यात तेव्हा रात्री लॅबमध्ये स्वेटर घालून बसावं लागतं. एप्रिलच्या दुपारी, शनिवार-रविवारी एसी बंद असताना, त्याच खोलीत ३८ अंश असतात. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही, खोली पंधरा-वीस अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच वर जाते. तापलेल्या चिपला त्याच व्होल्टेजमध्ये तोच वेग जमत नाही.

आणि तिसरी गोष्ट संख्याशास्त्राची, जी मला खरं तर आधीच कळायला हवी होती. आठ कोअर, ५ गिगाहर्ट्झ, एक दिवस. म्हणजे साधारण साडेतीन हजार लाख कोटी ठोके. त्यातला एक चुकला तरी पायरी पडते. एका तासात एकही चूक दिसली नाही म्हणजे चुका नाहीत असं नाही. अशा वेळी वापरायचा ढोबळ नियम असा: 'क्ष' तासांत शून्य चुका दिसल्या, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दर तासाला चुकांचं प्रमाण ३ भागिले 'क्ष' पेक्षा कमी आहे. एका तासाच्या चाचणीनंतर माझी खात्री तासाला तीनपेक्षा कमी चुका, इतकीच होती! चोवीस तास चालवली असती तरी आठ तासांना एक चूक नाकारता आली नसती. गेमरला याने फरक पडत नाही, एका फ्रेममध्ये गवताचं एक पातं चुकीच्या रंगाचं आलं तर कोण बघतंय. पंधरा दिवस अखंड चालणाऱ्या रनचा हिशेब वेगळा.

उलट मशीन बंद पडणं हे नशीब म्हणायचं. निळा पडदा आला की निदान कळतं. चुकीचा बिट एखाद्या पत्त्यात पडला तर प्रोग्रॅम कोसळतो. संख्येच्या शेवटच्या अंकात पडला तर बहुधा काहीच बिघडत नाही, रेणूंची वाट तशीही गोंधळाची असते, सरासरी तीच येते. त्रास देतात ते मधले बिट. कोसळण्याइतके मोठे नाहीत, दुर्लक्ष करण्याइतके छोटे नाहीत.

हे फक्त माझ्यासारख्या हौशी लोकांचं दुखणं नाही. २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी त्यांच्या सर्व्हरमधलं एक उदाहरण प्रसिद्ध केलं. काही फाइली उघडताना गायब होत होत्या. शोधत शोधत ते एका मशीनच्या एका कोअरपर्यंत पोचले. तो कोअर १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक भाग ० सांगत होता. खरं उत्तर १५६. फाइलचा आकार शून्य निघाला की ती फाइल पुढे लिहिलीच जात नव्हती. तो सर्व्हर कोणी ओव्हरक्लॉक केलेला नव्हता, कोअरच सदोष होता. त्याच वर्षी गूगलच्या लोकांनीही लिहिलं की काही हजार मशीनमागे असे मोजके लहरी कोअर सापडतात. त्याआधी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दहा लाख घरगुती संगणकांच्या क्रॅश-नोंदी तपासल्या होत्या. ओव्हरक्लॉक केलेली मशीन प्रोसेसरच्या दोषाने कितीतरी जास्त वेळा कोसळत होती, हे अपेक्षितच. मला रस वाटला तो उलट बाजूत. ठरलेल्या वेगापेक्षा थोडं हळू चालवलेली मशीन साध्या मशीनपेक्षाही कमी वेळा कोसळत होती. राखीव भाग वाढवला की त्याचं फळ मिळतं.

व्होल्टेजचा अजून एक हिशेब असतो, तो काही वर्षांनी चुकता करावा लागतो. जास्त व्होल्टेज आणि तापमानाखाली ट्रान्झिस्टर हळूहळू झिजतात, आणि त्याच वेगासाठी त्यांना पूर्वीपेक्षा जास्त व्होल्टेज लागायला लागतं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं प्रकरण आठवत असेल. गेम कोसळायला लागले. २०२४ च्या जुलैमध्ये कंपनीने सांगितलं की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झिजलेली चिप दुरुस्तीने परत तरुण होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. यात कितीतरी लोकांनी ओव्हरक्लॉकचं नावही घेतलेलं नव्हतं. म्हणून असा प्रोसेसर असेल तर बायोस अद्ययावत करा, हे कामाचं वाक्य मध्येच टाकून ठेवते.

मग करूच नये का? घरच्या मशीनवर, गेमसाठी, शिकण्यासाठी जरूर करा. ठोका आणि व्होल्टेज यांचं नातं पुस्तकापेक्षा त्या निळ्या पडद्यांनी मला जास्त शिकवलं. गुणक एकेकाने वाढवा, मशीन डळमळलं की व्होल्टेज शंभरांश-दोनशतांशाने वाढवा, तापमान बघत राहा, जुने आकडे वहीत लिहून ठेवा. मशीन सुरूच होईना झालं तर घाबरू नका. वायर काढून बोर्डवरचा गोल सेल थोडा वेळ बाहेर काढा किंवा 'क्लियर सीमॉस'च्या दोन पिना जोडा, सगळी सेटिंग मूळ जागी येतात. चाचणी एव्हीएक्सवाली लावा, रात्रभर लावा, आणि खोली गरम असताना लावा. प्राइम९५ यासाठी चांगला. तो मुळात मोठ्या अविभाज्य संख्या शोधायचा प्रोग्रॅम आहे, त्याला आपलं उत्तर चुकतंय का हे स्वतःच तपासावं लागतं, म्हणून तो कोसळायची वाट न बघता चूक पकडतो. चाचणी म्हणून तो कामाचा आहे ते यामुळेच.

ज्या मशीनवरून आकडे पेपरात किंवा थिसिसमध्ये जाणार आहेत, तिथे मात्र मूळ सेटिंग. एक गोष्ट तिथेही तपासा. काही बोर्ड मेमरीचं एक्सएमपी लावलं की 'मल्टीकोअर एन्हान्समेंट' नावाचं सेटिंगही आपोआप चालू करतात, आणि तुम्ही काही न करता सगळे कोअर कमाल टर्बोवर जातात. रन जलद हवेत तर वेळ दुसरीकडे शोधा. मला नंतर नुसता शेजारी-यादीचा एक पॅरामीटर नीट बसवून ११ टक्के मिळाले. बायोस न उघडता.

त्या नळीचं पुढे काय झालं, तेही सांगते. तीन महिन्यांतल्या चौदा रनपैकी कोणत्या रनमध्ये धक्का बसला आणि कोणत्यात नाही, हे सांगायचा मार्ग नव्हता, म्हणून चौदाच्या चौदा टाकून दिले आणि ४.७ वर पुन्हा लावले. जूनच्या शेवटी संपले. त्या नळीतली गती शेजारच्या दोन्हींच्या बरोबर मध्ये आली. दोन परिच्छेद काढले, पेपर अर्ध्या पानाने छोटा झाला. आता दर रनच्या आधी दहा मिनिटांची तीच जोडी-चाचणी आपोआप चालते, एकेका कोअरवर, आणि उत्तर शेवटच्या बिटपर्यंत जुळलं नाही तर रन सुरूच होत नाही. अजून एकदाही अडलेला नाही. कॅबिनेटवर मी चिकटपट्टीने एक कागद लावलाय, '४७, हात लावू नये'. परवा ज्युनिअरने विचारलं, "ताई, ४७ म्हणजे काय?"